एडिसनची वही: प्रयोग करायचा तर त्याच्या रीतीने

‘मी दहा हजार वेळा हरलो नाही’ हे वाक्य बल्बच्या चित्राखाली छापून सगळीकडे फिरत असतं. मूळ किस्सा बल्बचा नाही, बॅटरीचा आहे. निकेल-लोखंडाच्या बॅटरीवर हजारो प्रयोग झाले तरी हाती काही लागेना, म्हणून एका सहकाऱ्याने हळहळ व्यक्त केली. त्यावर एडिसनचं उत्तर साधारण असं होतं: निकाल तर ढिगाने मिळालेत, काय चालत नाही अशा कित्येक हजार गोष्टी आता मला ठाऊक आहेत.

या उत्तरातला वजनदार शब्द ‘हजार’ नाही, ‘ठाऊक’ आहे. कुठला प्रयोग कधी केला, कशात बदल केला, काय दिसलं, हे लिहून ठेवलं असेल तरच फसलेला प्रयोग ठाऊक असलेली गोष्ट होतो. नाहीतर तीच चूक तीन महिन्यांनी पुन्हा होते आणि आपण तिला चिकाटी म्हणतो. एडिसनच्या प्रयोगशाळांमधून सुमारे साडेतीन हजार वह्या मागे राहिल्या. त्याच्या नावावरच्या १,०९३ अमेरिकी पेटंटांचा गवगवा होतो, पण उचलण्यासारखी रीत वह्यांत आहे. ती रीत स्वतःच्या कामाला कशी लावायची ते पुढे दिलं आहे. हात बसावा म्हणून एक प्रयोगही दिला आहे, तोही एडिसनच्याच प्रश्नावरचा: कार्बनची काडी प्रकाश देईल एवढी तापवायची, पण जळू द्यायची नाही.

आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

एडिसनचं पहिलं पेटंट १ जून १८६९ चं, मतं नोंदवणाऱ्या विजेच्या यंत्राचं. सभागृहात प्रत्येक सदस्याने बटण दाबायचं आणि मोजणी चटकन व्हायची. यंत्र नीट चालत होतं, पण पुढाऱ्यांना ते नको होतं. मोजणी रेंगाळते तेवढ्या वेळात सदस्य फोडता येतात, मनधरणी करता येते. तो वेळच हे यंत्र खाऊन टाकत होतं. कोणी मागणार नाही अशा वस्तूवर पुन्हा वेळ घालवायचा नाही, ही खूणगाठ त्याने तिथेच बांधली.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर कल्पना लिहू नका. तीन ओळी लिहा. हे कोणाला हवंय? तो माणूस आज त्याऐवजी काय वापरतो? त्याला ते कितीला पडतं? तिसऱ्या ओळीत आकडा आला पाहिजे. ‘स्वस्त’, ‘सोपं’ हे शब्द तिथे चालणार नाहीत. दिव्याच्या कामात एडिसनने गॅसबत्तीचा धंदा असाच अभ्यासला होता, कारण त्याचा दिवा अंधाराशी नव्हे तर गॅसच्या बिलाशी झुंजणार होता.

गिऱ्हाईक मध्येच बदलू शकतं, त्यामुळे हे पान दर महिन्याला पुन्हा वाचा. बॅटरीचंच घ्या. ती मुख्यतः विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी होती. १९०३ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या बॅटऱ्या गळू लागल्या, त्यांची ताकद उतरू लागली. एडिसनने विक्री थांबवली आणि पुन्हा कामाला लागला. सुधारलेली बॅटरी १९०९ मध्ये आली, पण फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्येच निघाली होती आणि पेट्रोलच्या गाड्यांनी मैदान मारायला सुरुवात केली होती. बॅटरी टिकाऊ निघाली. ती खपली मात्र रेल्वेच्या सिग्नलांना आणि खाणकामगारांच्या दिव्यांना.

आपल्याकडे ‘भारतीय एडिसन’ म्हणून ओळखले गेलेले शंकर आबाजी भिसे १८६७ मध्ये मुंबईत जन्मले. छपाईचे खिळे ओतणाऱ्या त्यांच्या ‘भिसोटाइप’ यंत्रामागे जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा यांचं भांडवल होतं. बुद्धीच्या जोडीला पैसा आणि बाजार लागतो, हे त्यांचं चरित्र वाचताना पानोपानी जाणवतं.

मग कागदावर हिशेब

एडिसन म्हणजे दिसेल ती वस्तू तापवून बघणारा माणूस, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दिव्याच्या बाबतीत धडपड कुठल्या दिशेने करायची हे आधी तांब्याच्या हिशेबाने ठरलं, आणि त्या हिशेबासाठी त्याने फ्रान्सिस अप्टन हा गणिती कामावर ठेवला होता.

हिशेब सोप्या आकड्यांत मांडून बघा. शंभर वॅटचा दिवा १० व्होल्टवर चालवायचा तर त्याचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) १ ओहम हवा आणि तारेतून १० अँपिअर जाणार. तोच शंभर वॅटचा दिवा १०० व्होल्टवर चालवला तर रोध १०० ओहम आणि प्रवाह फक्त १ अँपिअर. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे प्रवाह दहापट कमी झाला की त्याच तारेतली गळती शंभरपट घटते. उलटं म्हणायचं तर तेवढीच गळती चालणार असेल तर तारेचा छेद शंभरपट लहान चालतो. रस्त्याखालून मैलोगणती तांबं पुरायचं असेल तेव्हा हा फरक म्हणजे धंदा उभा राहणं किंवा बुडणं.

म्हणून ‘चांगली तार शोधा’ एवढ्यावर त्याचा शोध थांबत नव्हता. बारीक, जास्त रोधाची, वितळणार नाही अशी तार त्याला हवी होती. आपल्या कामातही असा एक आकडा असतो, तो गाठला नाही तर बाकी सगळं फुकट. पहिली खरेदी करण्याआधी तो शोधा, वहीत चौकटीत लिहा. ज्या वस्तू त्या चौकटीत बसत नाहीत त्या करून बघायचीसुद्धा गरज नाही. प्रयोगांची संख्या इथेच सर्वांत जास्त घटते.

वही

पक्क्या बांधणीची, दोनशेपानी, आडव्या रेघांची वही घ्या. स्पायरलची नको, कारण तिचं पान फाडलं तर पत्ता लागत नाही. पानांना आकडे पहिल्याच दिवशी घाला. बॉलपेनने लिहा. चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर वापरू नका. ‘चुकलेला’ आकडा बरोबर होता, हे पुष्कळदा दोन आठवड्यांनी कळतं.

मेन्लो पार्क इथल्या एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या वह्यांत नोंदीखाली तारीख, सही आणि बऱ्याचदा साक्षीदाराची सही दिसते. त्यामागे पेटंटच्या भांडणांची भीती होती. तुम्हाला कोर्टात जायचं नसलं तरी तारीख हवीच. आदल्या दिवशी पाऊस होता की उकाडा, हे नंतर तारखेवरूनच काढता येतं.

प्रत्येक प्रयोगाला एक क्रमांक द्या आणि या क्रमाने लिहा: काय बदललं, बाकी काय तसंच ठेवलं, काय होईल असं वाटतं, काय झालं, आणि शेवटी ‘वेगळं काय दिसलं’. तिसरी ओळ प्रयोगाच्या आधी लिहायची. नंतर लिहिली की माणूस स्वतःला हुशार ठरवतो. पाचवी ओळ रिकामी राहिली तरी चालेल, पण तिची जागा ठेवा. तिचं महत्त्व पुढे येईल.

मोबाइलवर टिपणं चालतील का? फोटो आणि व्हिडिओ जरूर काढा. पण आकडे वहीतच, जागच्या जागी लिहा. ‘नंतर उतरवून घेतो’ म्हटलेले आकडे मनातल्या मनात गुळगुळीत होतात.

हात बसवण्यासाठी: पेन्सिलीच्या लीडचा दिवा

सामान असं लागेल: पेनपेन्सिलच्या ०.५ मिमी एचबी लीडची एक डबी, टॉर्चचे मोठे (डी साइझ) अल्कलाइन सेल ८, ते एका रांगेत बसतील असा होल्डर, १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर एक मीटर, चार क्रोकोडाइल क्लिप, एक लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, लाकडी फूटपट्टी, मल्टिमीटर, खायचा सोडा, व्हिनेगर आणि डोळ्यांना चष्मा.

तीन गोष्टी टाळा. घरच्या २३० व्होल्टच्या जवळ जाऊ नका. लिथियम बॅटरी वापरू नका. ती शॉर्ट झाली तर पेट घेऊ शकते. आणि मुलांना एकट्याने हे करू देऊ नका. प्रयोग खिडकीजवळ करा, कारण लीडमधला चिकटवणारा पदार्थ आणि कार्बन जळताना धूर होतो.

जोडणी अशी करा. वायरचे दोन तुकडे करून टोकं सोला, प्रत्येकाच्या खालच्या टोकाला एकेक क्लिप लावा. दोन्ही वायरी फूटपट्टीला टेपने अशा बांधा की पट्टी बरणीच्या तोंडावर आडवी ठेवली की क्लिपा बरणीच्या मध्यावर लोंबतील, तळापासून निदान सात-आठ सेंमी वर. दोन क्लिपांत ४० मिमी अंतर ठेवा. दर वेळी पट्टीने मोजा, अंदाजाने नाही. आता क्लिपांत लीड धरा. क्लिपच्या दातांनी लीड कटकन तुटते, ही सगळ्यांची पहिली अडचण. साध्या फ्लेक्स वायरमधले दोन-तीन केसासारखे तांब्याचे धागे काढा, लीडच्या टोकांना चार वेढे द्या आणि त्यावर क्लिप लावा. पकडही बसते, जोडही चांगला होतो. वेढे सैल राहिले तर ठिणगी क्लिपपाशीच उडते आणि लीड मधे न तुटता टोकाला तुटते. तशी तुटली तर वहीत ‘जोड खराब’ लिहा आणि ती नोंद निकालात धरू नका.

लीडचा रोध मोजताना आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जो आकडा दिसेल तो पिनांचा आणि वायरींचा. तो लीडच्या आकड्यातून वजा करा. मोजायची वस्तूच काही ओहमची असते, तिथे पिनांचा अर्धा ओहम म्हणजे मोठी चूक.

प्रयोग १ उघड्या हवेत. बरणी रिकामी, लीड आत. स्टॉपवॉच चालू करून सर्किट जोडा. आधी धूर निघेल, मग लीड लाल, नारिंगी, कधी पिवळट तापेल आणि बहुधा मिनिटाच्या आत तुटेल. ती नेमकी कुठे तुटली, हे बघा. मधेच बारीक होऊन तुटली असेल तर ती हवेतल्या ऑक्सिजनने खाल्ली. तुटल्यावर लगेच हात घालू नका. क्लिपासुद्धा भाजतात.

प्रयोग २ ला लोक बरणीत मेणबत्ती लावतात. ‘मेणबत्ती विझली म्हणजे ऑक्सिजन संपला’ हे शाळेत पक्कं बसलेलं असतं. ते चूक आहे. मेणबत्ती विझते तेव्हाही बरणीत मूळच्या ऑक्सिजनपैकी बराचसा शिल्लक असतो, ज्योत टिकायला तो अपुरा पडतो इतकंच. तापलेल्या कार्बनला तो पुरेसा आहे. तरीही हे करून बघा आणि वहीत लिहा. आपला पक्का समज आपल्याच आकड्यांनी डळमळताना बघणं, ही या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट.

प्रयोग ३ ला बरणीच्या तळाशी दोन सपाट चहाचे चमचे (सुमारे १० ग्रॅम) खायचा सोडा घाला. त्यावर १५० मिली व्हिनेगर चार-पाच वेळा थोडं थोडं ओता. एकदम ओतलं तर फेस वर येऊन क्लिपा भिजतील. फेस बसला की बरणी हलवू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने आत टिकून राहतो. पेटती काडी हळूच खाली नेऊन बघा. जिथे विझते ती वायूची पातळी. ती पातळी लीड टांगायच्या जागेच्या वर असायला हवी. मग पट्टी अलगद ठेवून लीड आत सोडा, पंखा बंद ठेवा, सर्किट जोडा.

प्रत्येक प्रकार निदान पाच वेळा करा. एकाच डबीतल्या दोन लीडसुद्धा सारख्या नसतात. एकेका आकड्यावर विसंबलात तर तुम्ही वायूची नाही, नशिबाची तुलना करत असता.

आता या प्रयोगातला खरा सापळा. दर जोडणीला सेल थोडे उतरत जातात. पहिले पाच प्रयोग हवेत केले आणि पुढचे पाच वायूत, तर वायूतल्या लीड जास्त टिकतीलच. त्यातलं श्रेय किती वायूचं आणि किती दमलेल्या सेलचं, हे मात्र कळणार नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, लीड तापलेली असताना होल्डरच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजून नोंदवा. नुसत्या सेलचा नको, तो जोर नसताना चांगलाच दिसतो. दोन, क्रम आलटूनपालटून ठेवा: हवा, वायू, वायू, हवा. साधे झिंकचे सेल वापरलेत तर ते इतक्या लवकर दमतात की हा फरक डोळ्यांनाही दिसेल.

नोंद अशी दिसावी (आकडे नमुन्याचे):

*क्र. ७. १२ जाने., सायं. ६.१०. बदल: बरणीत का.डा. वायू. तसंच: ०.५ एचबी, ४० मिमी, तेच सेल. अंदाज: हवेपेक्षा दुप्पट टिकेल. रोध ३.४. चालू असताना ८.१ व्होल्ट. टिकली ७१ सेकंद. तुटली डाव्या क्लिपपासून १५ मिमीवर. वेगळं: काचेवर आतून राखाडी थर, लीडच्या समोरच्या बाजूला जास्त.*

मग ०.७ मिमीची लीड लावून बघा. जाड म्हणजे जास्त उजेड, असं वाटतं. जाडी ०.५ वरून ०.७ झाली की छेदाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं आणि रोध निम्मा. सेलमधून जास्त प्रवाह ओढला जातो, सेल गरम होतात आणि लीड उलट मंद तापते, कारण तेवढीच शक्ती मोठ्या पृष्ठभागावर पसरते. अप्टनचा तांब्याचा हिशेब इथे हाताला चटका देऊन कळतो.

फसलेल्या प्रयोगातून काय उचलायचं

एडिसनने कार्बनच्या आधी प्लॅटिनमवर बरेच महिने घालवले. प्लॅटिनम महाग, रोध कमी, आणि जरा जास्त तापलं की वितळतं. ते सोडावं लागलं, पण त्या महिन्यांत एक गोष्ट कळली: धातूत वायू दडून बसतो आणि तापवल्यावर बाहेर येतो, म्हणून बल्ब तापवत तापवत हवा काढायला हवी. त्यासाठी पाऱ्याचा निर्वात पंप सुधारला गेला. प्लॅटिनम गेलं, पंप राहिला. त्या निर्वातात ऑक्टोबर १८७९ मध्ये शिवणाच्या दोऱ्याचा कार्बन कित्येक तास टिकला. कार्बनही नवा नव्हता. त्याआधी दोन वर्षं टेलिफोनच्या कामात धुरकट कंदिलांची काजळी दाबून त्याच्या टिकल्या बनवणं चालूच होतं. पुढे दोऱ्याच्या जागी पुठ्ठा आला, मग जपानमधला बांबू, आणि त्याचे दिवे हजार तासांच्या वर चालले.

म्हणून दर पंधरा दिवसांनी फक्त ‘चाललं नाही’ च्या नोंदी वाचायला बसा आणि प्रत्येकीसमोर लिहा: यातून बनवलेलं कोणतं साधन, कोणतं मोजमाप अजून कामाचं आहे?

आता पाचवी ओळ. कार्बनचे बल्ब आतून काळे पडत. ते का, हे बघताना एडिसनने काचेच्या आत एक जादा पत्रा बसवला. तारेला न टेकलेल्या त्या पत्र्यातून प्रवाह वाहताना दिसला, तोही एकाच दिशेने. त्याने १८८३ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि बाजूला ठेवून दिला. तोच परिणाम वापरून जॉन फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये रेडिओचा व्हॉल्व्ह (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी काचेची नळी) बनवला, आणि इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात तिथून झाली. वही होती, नोंद होती, फक्त परत जाऊन वाचली गेली नाही. ‘वेगळं’ च्या ओळी वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. एकच ओळ तीनदा आली तर तिच्यासाठी नवा प्रयोग लावा.

कुठे थांबायचं

इथे एडिसनचं अनुकरण करू नका. कमी प्रतीच्या लोखंडी दगडाचा भुगा करून चुंबकाने लोखंड वेगळं काढायच्या कारखान्यावर त्याने न्यू जर्सीत १८९० चं दशक आणि बक्कळ पैसा घातला. मिनेसोटातल्या मेसाबी डोंगररांगेत स्वस्त, चांगलं खनिज निघालं आणि सगळं गणित कोसळलं. दगड फोडायचे अजस्र रोलर तेवढे वाचले, त्यांतून पुढे सिमेंटचा कारखाना उभा राहिला. डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेच्या हट्टाचंही तेच. एसीचे (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचे) फायदे समोर दिसत असताना तो भांडत राहिला.

थांबायचा आकडा सुरुवातीलाच, डोकं थंड असताना लिहावा: इतके रुपये, इतके आठवडे, आणि बाजारात अमुक गोष्ट या भावाला मिळू लागली तर बंद. ही ओळ गिऱ्हाइकाच्या पानावरच लिहा, म्हणजे महिन्याच्या वाचनात तीही डोळ्यांखालून जाईल. तब्येतीचा प्रश्न आला तर मात्र आकड्याची वाट बघायची नाही. क्ष-किरणांच्या कामातला त्याचा सहायक क्लॅरेन्स डॅली भाजलेल्या हातांनी खंगत १९०४ मध्ये गेला. त्याची अवस्था बघून एडिसनने ते काम सोडूनच दिलं.

आणि नवीन कल्पनांनी जुनं काम मोडू नये म्हणून वहीची शेवटची दहा पानं वेगळी ठेवा. जानेवारी १८८८ मध्ये एडिसनने करायच्या कामांची एक लांबलचक यादी केली होती. त्यात कापूस वेचायचं यंत्र, कृत्रिम रेशीम, अंधांसाठी शाई, विजेचा पियानो असं काय काय होतं. त्यातलं पुष्कळसं कधीच झालं नाही. तुमच्या यादीत प्रत्येक कल्पनेला एकच ओळ आणि तारीख द्या. हातातलं काम संपेपर्यंत दुसरी ओळ लिहायची नाही.

वही भरली की पाठीवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख घाला. आतल्या मुखपृष्ठावर सूची करा: विषय, प्रयोग क्रमांक, पान. ‘जोड खराब’ म्हणून वगळलेल्या नोंदींचेही क्रमांक त्यात लिहा. होल्डरमधले सेल काढून ठेवा. तसेच राहिले तर गळून स्प्रिंग गंजवू शकतात.